फुगायला ठेवलेली जागा

१२ फेब्रुवारी

मामीने ही वही देताना बजावलंय की चांगलं आणि वाईट, दोन्ही लिहायचं. "फोनवर तू वाहवत जातेस. आणि तुझा मामा, तो जिथे जाईल तिथे त्याला सोनंच दिसतं. कागदावर लिहिलंस म्हणजे तुझं तुला तरी कळेल." मी म्हटलं, मामी, शाळा सुटल्यापासून मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही. तर म्हणाली, "मग सही करून सुरुवात कर."

ही घ्या सही : भिंगरी. मला घरात सगळे हेच म्हणतात. खरं नाव वहीला कळून काय करायचंय?

प्रकरण असं आहे. मामा सुतार. आमचं गाव ओलं, इतकं की कपाटात ठेवलेल्या चपलांवर बुरशी धरते. मामाला या वाळवंटातल्या शहरात नर्सेसच्या वसतिगृहाची दारं करायचं काम मिळालं. तो बघायला म्हणून आला आणि इथल्या गावाच्या प्रेमातच पडला. आता म्हणतो, इथेच कारखाना टाकू, इथेच राहू. मामी म्हणते, मी तिथे येऊन काय करू, भिंतीकडे बघत बसू? तिचा गावात शिवणाचा क्लास आहे, मुली तिच्यावर जीव टाकतात. शेवटी दोघांचं असं ठरलं : जूनपर्यंत मामीने हो म्हटलं तर कारखाना इथे. नाही म्हटलं तर मामा गाशा गुंडाळून परत. तोवर जागा भाड्याची, खाली कारखाना, वर राहायच्या खोल्या, आणि ठेवायची की सोडायची ते घरमालकाला जूनच्या आत कळवायचंय.

मी मामाच्या हाताखाली पॉलिश करायला आलेय आणि मामीच्या वतीने बघायला. म्हणजे दोन्ही डगरींवर पाय. याआधी मी बेकरीत होते, फोटो स्टुडिओत होते, मधे बसच्या कंडक्टरचं शिकत होते. कुठेच एका ऋतूपेक्षा जास्त टिकले नाही. मामी म्हणते माझ्या पायांना चाकं आहेत. असतील. चाकं असणं वाईट थोडंच?

चांगलं : आकाश. एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं.
वाईट : नाक. आतून पापुद्र्यासारखं सुकतं. काल शिंकले तर रक्त आलं.

१५ फेब्रुवारी

आज कपडे धुतले. आमच्याकडच्या सवयीने घट्ट पिळून, झटकून, ऊन जाईल म्हणून घाईघाईने वाळत घातले. चहा प्यायला आत गेले आणि बाहेर आले तर सगळे खडखडीत. मामाची पँट दोरीवरून काढली तर ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली. खोटं नाही. मी तिच्याशी दोन मिनिटं बोलले.

मामीला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "आमच्याकडे तुझ्या मामाचा सदरा चार दिवस झाले दमटच आहे." मामाचा सदरा ती का धुतेय, मामा तर इथे आहे. विचारायचं राहिलं.

२ मार्च

या गावाची एक गंमत मला कळली. सकाळी सगळे लोक रस्त्याच्या एका बाजूने चालतात, दुपारनंतर दुसऱ्या. सावली जिकडे, गाव तिकडे. न्हाव्याचं बाकडंसुद्धा दिवसातून दोनदा रस्ता ओलांडतं. कुणी कुणाला सांगत नाही. मी पहिले काही दिवस एकटीच उन्हातून चालत होते आणि लोक माझ्याकडे दयेने का बघतात ते कळत नव्हतं.

आणि झाडं. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी बोटाएवढी नळी, तिच्यातून थेंब थेंब पाणी. नगरपालिकेचा एक माणूस रोज प्रत्येक नळीपाशी वाकून थेंब पडतोय ना बघतो. आमच्याकडे झाड म्हणजे आपोआप येणारी गोष्ट, उलट उपटून टाकावी लागते. इथे प्रत्येक झाड कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं आहे. मी त्या माणसाच्या मागे मागे तीन गल्ल्या गेले आणि कारखान्यात उशिरा पोचले. मामा म्हणाला, "आलीस? मला वाटलं, गेलीस."

९ मार्च

दारं तयार होताहेत. सगळं लाकूड मामाने गावाहून ट्रकने आणलंय, म्हणतो ओळखीचं लाकूड असलं की हाताला विचारावं लागत नाही.

मामाच्या दाराची आमच्याकडे ख्याती आहे : अडत नाही. दुसऱ्यांची दारं ओल्या दिवसांत फुगतात, मग खांदा मारून उघडावी लागतात, पाहुणा आत येतो तो तोंडघशीच. मामा पल्ला आणि चौकट यांच्यात जाड नाण्याएवढी फट ठेवतो. फुगायला जागा. लाकूड फुगलं की फट बरोबर भरून निघते. बघण्यासारखी कारागिरी आहे. इथल्या लोकांना असलं दार आयुष्यात बघायला मिळालेलं नसणार. मी तीन हात पॉलिश दिलं, आता त्यात तोंड दिसतं.

एक गोष्ट मात्र कळत नाही. वरच्या पूर्वेकडच्या खोलीत मामा एक टेबल करतोय. लांबलचक, पलंगाएवढं. मी विचारलं कशाला, तर म्हणे मालाच्या पॅकिंगला. दारं कोण टेबलावर पॅक करतं? शिवाय बुटकं. मी त्यावर वाकून पॉलिश केलं तर कंबरेचा काटा ढिला झाला. मामा सहा फुटी माणूस, मामी त्याच्या कोपराला लागते, तिलाच बरं पडेल असलं टेबल. चुकीचं माप घेतलं असणार. मी काही बोलले नाही. मामाला चूक दाखवली की तो रंधा जोरात मारतो.

२० मार्च

आज वसतिगृहात दारं बसली! वॉर्डनबाई कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून प्रत्येक दारापुढे उभ्या राहिल्या. उंच, सरळ, हसतच नाहीत. शेवटी म्हणाल्या, "देखणी आहेत. नवरदेवासारखी."

मामा फुलला.

"आता संसार किती नीट करतात बघू," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मामा वाटेत म्हणाला, खाष्ट बाई आहे. पण घरापर्यंत शीळ वाजवत आला. ही दारं पसंत पडली तर पुढे इस्पितळाच्या नव्या भागाचंही काम आहे.

मामीला फोन केला. दारं, आकाश, सावली, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सगळंच चांगलं?"

"सगळंच."

"तुला एखादी जागा इतके दिवस आवडली म्हणजे काहीतरी गडबड आहे."

८ एप्रिल

लिहायला झालंच नाही. ऊन आता ऊन राहिलेलं नाही, कुणीतरी अंगावर हात ठेवल्यासारखं वाटतं. टाचांना भेगा. केसांत वाळू, कानांत वाळू, काल भातात वाळू. दुपारी गाव मिटून जातं आणि सूर्य कलला की परत उघडतं. मग माणसं खुर्च्या बाहेर आणतात, पोरं ओरडतात, हवा मऊ होते. ती एक वेळ अशी असते की दिवसभर दिलेल्या सगळ्या शिव्या मी परत घेते.

कारखान्यात दुपारी आवाज येतात. टक्. ठाक्. कुणी बोटं मोडल्यासारखे. उरलेल्या फळ्यांच्या थप्पीतून येतात. मामा म्हणाला, उंदीर. उंदीर असे मोडत नाहीत. पण मामाच्या तोंडाकडे बघून मीही उंदीरच म्हटलं.

१४ एप्रिल

वॉर्डनबाईंचं बोलावणं आलं.

गेलो तर त्यांनी आम्हाला एका खोलीत उभं केलं आणि दार लावलं. दाराच्या चारी बाजूंनी उजेड. वरून, खालून, बिजागरीकडून. दोन फळ्यांच्या मधूनसुद्धा. अंधाऱ्या खोलीत ते दार जणू उजेडात टांगलं होतं. मला ते फार सुंदर वाटलं, खरंच, पण बोलायची वेळ नव्हती.

त्या खोलीतली नर्स रात्रपाळीची. ठेंगणी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. म्हणाली, "मी सकाळी येऊन झोपते. जरा डोळा लागला की उन्हाची एक रेघ येऊन डोळ्यावर बसते. मी सरकले की तीही सरकते. काका, तुम्ही दार बसवलंय की पोलीस?"

जमिनीवर वाळूची नागमोडी रेषा होती. वॉर्डनबाई म्हणाल्या, "माझ्या मुली रात्रभर दुसऱ्यांची शुश्रूषा करतात. दिवसा त्यांना झोप लागत नसेल तर रात्री कुणाची तरी सलाइन चुकेल. तेव्हा मी कुणाला विचारू, तुम्हाला?"

मामाने फटीत बोट घातलं. आरपार गेलं. तो बोट तसंच ठेवून उभा राहिला.

रात्री जेवला नाही. मग आपणहून बोलला, माझ्याशी नाही, भिंतीशी. "जन्मभर फुगणाऱ्या लाकडाशी भांडलो. आकसणारं लाकूड मी बघितलंच नव्हतं. आणि त्यात फुगायला जागा ठेवली मी. इथे!" मग हसला. वाईट हसला.

१७ एप्रिल

उपाय आहे, पण लांबचा. नवीन लाकूड आणून इथे एक अख्खा उन्हाळा नुसतं ठेवायचं. फळ्यांच्या मधे काठ्या घालून हवा खेळती ठेवायची आणि दर आठवड्याला त्या पालटायच्या, म्हणजे दोन्ही अंगांनी सारख्या सुकतील. आकसायचं तेवढं आकसून झालं, वाकायचं तेवढं वाकून झालं की मगच करवत लावायची. मामा म्हणतो, "लाकडाला आधी इथलं होऊ द्यायला हवं होतं. मी गाडीतून उतरवलं आणि कापलं."

लाकडाचं काय एवढं कौतुक. मला तर महिनाभरात सवय झाली. आता मीही न बघता सावलीच्या बाजूने चालते.

वॉर्डनबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची दारं पुढच्या वर्षी. यावर्षी माझ्या मुलींनी डोळ्यांवर काय बांधायचं?" मेअखेरपर्यंत काही जमलं नाही तर त्या पत्र्याची दारं बसवून घेणार. म्हणजे इस्पितळाचं कामही गेलं.

मामाने मला बजावलं : मामीला यातलं अवाक्षर सांगायचं नाही. तिला बोलायला निमित्तच हवंय.

२८ एप्रिल

मामाने फटींवर लाकडी पट्ट्या ठोकल्या. चार दिवसांत पट्ट्याच वाकल्या. नर्स मला रस्त्यात भेटली, म्हणाली, "आता एकाऐवजी दोन पोलीस आहेत."

तरीपण ती खरंच गोड आहे. तिने मला नाकात लावायला मलम दिलं आणि दिवसभर घोट घोट पाणी कसं प्यायचं ते शिकवलं. तीही ओल्या मुलखातली. मी विचारलं, परत जावंसं नाही वाटत? म्हणाली, "पहिल्या उन्हाळ्यात रोज वाटायचं. दुसऱ्यात विसरले."

बंदरावरच्या मैत्रिणीचा निरोप आलाय. होड्या रंगवायचं काम आहे, जूनपासून ये. येते म्हटलं. इथलं नाहीतरी संपतच आलंय.

५ मे

घात झाला. माझ्या जिभेला हाड नाही.

मामीला मी मलमाबद्दल सांगत होते. मलमावरून नर्स आली, नर्सवरून तिची झोप आली, झोपेवरून उन्हाची रेघ आणि पोलीस. मी हसतेय आणि पलीकडे चिडीचूप. तेव्हा कळलं काय बोलून बसले.

"फट केवढी?" मामी म्हणाली.

मी म्हटलं, नाही गं, म्हणजे तशी काही...

"भिंगरे, बोट जातं का?"

"जातं."

"करंगळी की अंगठा?"

"खालून अंगठा. बाजूने करंगळी."

"दार किती रुंद?"

मी सांगितलं. मग तिने विचारलं, तिथली वाळू जाड की बारीक? मुठीत धरली तर गळते का? आणि तुझा मामा जेवतो का?

एवढी उलटतपासणी मी वकिलाकडूनही ऐकली नसती. उद्या सगळं मामाच्या तोंडावर फेकायला पुरावे गोळा करतेय, दुसरं काय.

११ मे

मामी येतेय. आठ दिवसांसाठी, परतीच्या तिकिटासकट. मामाला काही समजेना. मी कबूल केलं. तो रागावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाला, "असू दे. निदान समोर येऊन नाही म्हणेल." आणि वर जाऊन त्या बुटक्या टेबलाचे कोपरे पॉलिश पेपरने घासत बसला. आधीच गुळगुळीत होते.

१६ मे

मामी उतरली तेव्हा तिच्याबरोबर एक खोकं होतं, मला आणि मामाला मिळून उचलेना. आत शिवणाचं मशीन. आठ दिवसांसाठी मशीन! कपडे कमी आणले असते तर चाललं असतं.

पहिलं वाक्य : "हे ऊन आहे की सासू?" दुसरं वाक्य, मामाला : "वाळलास." मामा म्हणाला, "इथे सगळंच वाळतं." मग दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मी मधे बोलले नाही, हे वहीत मुद्दाम लिहून ठेवते, कारण कुणाला खरं वाटणार नाही.

१७ मे

सकाळीच वसतिगृहात. मामी दारापुढे खाली बसली, सगळ्या फटींवरून बोटं फिरवली, ताप बघावा तशी. मामा भिंतीला टेकून उभा, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा.

"काम चांगलं केलंस," मामी म्हणाली.

"थट्टा करू नकोस."

"थट्टा कसली? सांधा बघ, एक हललेला नाही. दार चांगलंच आहे. गाव चुकलं." मग वॉर्डनबाईंकडे वळून, "बाई, जुने पडदे आहेत? जाड?"

वॉर्डनबाईंनी किल्ली शोधली. मामीने मला आणि मामाला वाळू चाळायला बसवलं, सगळ्यात बारीक तेवढीच घ्यायची. इतके महिने मी जी वाळू झाडून बाहेर टाकत होते तीच आता घमेल्याने आत आणत होते.

मामीने पडद्याच्या कापडातून दाराच्या रुंदीएवढ्या लांब नळ्या शिवल्या, त्यात वाळू भरली, तोंडं शिवली. जड, मऊ, अजगरासारख्या. दाराच्या खाली टाकल्या की वाळू बाहेर, उजेड बाहेर. बाजूंना कापूस घालून गादीसारखी टाचलेली पट्टी, बारीक खिळे मारून बसवलेली, नवीन दार आलं की काढता येईल अशी. फळ्यांच्या मधल्या फटींवर आतून तसाच एक अभ्रा.

"वाळूला वाळूनेच अडवायचं," मामी दातांनी दोरा तोडत म्हणाली. "हे तुला सुचलं नसतं."

"नसतं," मामा म्हणाला. इतक्या पटकन त्याने कधी काही कबूल केलेलं मी ऐकलं नव्हतं.

मशीन अर्थातच पूर्वेकडच्या खोलीत ठेवलं, दुसरीकडे टेबल कुठे आहे? मामीने कापड पसरलं. मग दोन्ही हात टेबलावर टेकून ती बराच वेळ उभीच राहिली. मी म्हटलं, उंचीला जरा चुकलंय ना? ती म्हणाली, "नाही. बरोबर आहे." आणि नाक पुसलं. तिच्याही नाकाला इथली हवा लागली वाटतं. मी नर्सचं मलम दिलं.

२१ मे

सगळ्या खोल्यांना अजगर बसले. वॉर्डनबाई आज स्वतः कारखान्यात आल्या. मला वाटलं, आता काय राहिलं.

"तुमच्या वाळूच्या उशांची तक्रार आहे," त्या म्हणाल्या.

मामा उभा राहिला.

"ती रात्रपाळीची मुलगी काल उठलीच नाही. कामावर उशिरा गेली. मला दार बडवावं लागलं." आणि हसल्या! दात छान आहेत त्यांचे. जाताना मामाला म्हणाल्या, पत्र्याची दारं राहू देत, लाकूड सुकत घाला, इस्पितळालाही लागेल. आणि मामीला, माझ्या मुलींचे गणवेश एकीलाही नीट बसत नाहीत, जरा बघता का?

संध्याकाळी तिघी नर्सेस गणवेश घेऊन जिन्यात.

२४ मे

मामीने वही मागितली. दिली नाही, वाचून दाखवली, मामाच्या टेबलाबद्दलचं गाळून. ऊन, भेगा, भातातली वाळू, नाकाचं रक्त, सगळं ऐकून घेतलं. मी घाबरत घाबरत म्हटलं, मामी, फोनवर मी फक्त चांगलंच सांगत होते. तू यावीस म्हणून.

"म्हणून तर येत नव्हते," ती म्हणाली. "सगळंच चांगलं असलेल्या गावात माझं काय काम?"

मग दाराच्या वेळी का आलीस, असं मी विचारणार होते, पण खाली न्हाव्याचं बाकडं रस्ता ओलांडत होतं, ते तिला दाखवायला खिडकीशी नेलं. ती इतकी हसली की मामा वर बघायला आला.

३० मे

आज लक्षात आलं, मामीचे आठ दिवस केव्हाच होऊन गेले. आठवण केली तर म्हणाली, अजून नऊ गणवेश आहेत. क्लासच्या मुलींपैकी सगळ्यात मोठी आता गावाकडे क्लास चालवतेय म्हणे, फोनवर रोज विचारते, मामी रोज ओरडते. घरमालकाला काय कळवायचं ते मामाने विचारलं नाही. मामीने जेवताना सहज सांगितलं, "कळवलं मी." मामाने पाण्याचा तांब्या उचलला तो परत ठेवायचं विसरला.

म्हणजे ती राहतेय! आधीच सांगायचं की नाही कुणीतरी मला.

३ जून

लाकडाचा ट्रक आला. दिवसभर थप्पी लावत होतो. एक फळी, वर काठ्या, परत फळी. टक् असा आवाज आला की मामा आता खूश होतो. "आकसा," म्हणतो, "काय आकसायचं ते आत्ताच आकसा."

सूर्य कलल्यावर तिघं कारखान्याच्या पायरीवर चहा पीत बसलो. हवा मऊ झाली होती. समोरच्या झाडाच्या नळीतून थेंब पडत होता, मी मधूनमधून बघत होते, पडतोय ना. मामा म्हणाला, इथला उन्हाळा ऑक्टोबरपर्यंत, तोवर या फळ्या पालटायच्या म्हणजे वैताग आहे. मी इस्पितळाच्या मापांत आणि नकाशांत असणार, मामी तिच्या गणवेशात. एखादाही आठवडा चुकला तर फळी वाकली. कुणीतरी कायम हवं इथे.

मी म्हटलं, "मी आहे की."

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मग एकमेकांकडे. मग मामी अशी हसायला लागली की चहा नाकात गेला, आणि मामा तिच्या पाठीवर थापट्या मारत स्वतःच हसत होता. काय झालं म्हणून विचारलं तर दोघांपैकी कुणी सांगेना. मी त्यांना तसंच सोडलं आणि सगळ्यात वरची फळी पालटून आले.

बंदरावर कळवायचं राहिलंय. उद्या.